नव्या सॉफ्टवेअरचे तीस दिवस

आमच्या ऑफिसातलं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बारा वर्षांचं जुनं होतं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. रेघ काढा म्हटलं की ते रेघ काढायचं, पुसा म्हटलं की पुसायचं. मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही. एका वास्तुविशारदाला यंत्राकडून याहून जास्त काय हवं असतं?

मग हातकणंगल्याच्या बंगल्याचं काम आलं. नकाशे मंजूर झाले, पायाभरणी महिनाभरावर आली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरनं कॉलमचं ड्रॉइंग मेलवर पाठवलं. ते उघडेचना. फाइल नव्या आवृत्तीत केलेली आहे, असा निरोप पडद्यावर यायचा आणि खिडकी बंद व्हायची. मी इंजिनिअरला फोन केला.

"मॅडम, तुम्ही अजून तेच वापरता?" तो म्हणाला. मी अजून रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करते असं कळल्यासारखा त्याचा सूर होता. जुन्या पद्धतीची फाइल त्यानं पाठवली खरी, पण वर म्हणालाच, "बघा, कधीतरी बदलावंच लागणार."

पुण्याच्या विक्रेत्याला मी फोन केला तो याच रागात. तीस दिवस वापरून बघा, पटलं तर घ्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसच्या दारात हजर. चाळिशीचा, गळ्यात टाय, हसतमुख. आमच्या मामांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पावणं, च्या घेणार का पयला?"

मामा म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन. ऑफिसात सगळे त्यांना मामाच म्हणतात. कागलहून रोज एसटीनं येतात. माझ्या ऑफिसला पंचवीस वर्षं झाली, त्यातली बावीस वर्षं ते माझ्याबरोबर आहेत. त्यांचा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माऊसवर असतो, आणि बोलता बोलता जिना तयार होतो. दोन-दोन अक्षरांच्या आज्ञा त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. दाराची वेगळी, खिडकीची वेगळी, जिन्याची वेगळी. दुसऱ्या कुणी त्यांच्या मशीनवर बसलं तर त्याला काहीच चालवता यायचं नाही, याचा त्यांना छुपा अभिमान होता.

पाहुण्यानं सकाळी साडेदहाला सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. दुपारी दोनला ते म्हणालं, मशीनची मेमरी कमी आहे. ती आणून बसवली. चारला वीज गेली. ती आली तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. साडेसहाला एकदाचा काळा पडदा उघडला. वरच्या बाजूला शेकडो चित्रं, आणि कोपऱ्यात एक चौकट: तीस दिवस शिल्लक.

"मॅडम, आता तुमचं काम निम्मं झालं समजा," पाहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामांनी मंजुरीचा जुना नकाशा त्यात उघडला. नगररचनेकडे जाणाऱ्या नकाशात आम्ही खोल्यांची नावं मराठीत घालतो. 'शयनगृह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची, डोक्यावर टोप्या घातलेली भुतावळ उभी होती. 'स्वयंपाकगृह'ची तीच गत. 'शौचालय' तेवढं कसं कोण जाणे, अर्धं वाचता येत होतं.

मी पाहुण्याला फोन लावला.

"तुमचा फॉन्ट जुना आहे, मॅडम. नवा घ्या."

"आणि गेल्या बारा वर्षांतले नकाशे?"

"ते पुन्हा टाइप करावे लागतील."

फोन ठेवून मी एका वहीत लिहिलं: मराठी येत नाही. मग वैतागून त्याखाली दोन रेघा मारल्या. ती वही मी मूल्यमापनासाठी घेतली होती. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे लिहायचे असं ठरवलं होतं. आठवडाभरात उजवी बाजू भरली आणि मी उरलेले तोटे डावीकडे लिहायला लागले.

नऊ इंची भिंत घ्या. हे सॉफ्टवेअर मनातून मिलिमीटरमध्ये विचार करतं. आम्ही फूट-इंच सांगितलं तरी ते आत काहीतरी गोळाबेरीज करायचं आणि छापून आलं की भिंत नऊ इंच आणि एक चौसष्टांश. मामांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्यो एक चौसष्टांश कुटनं आला वो मॅडम?"

"सेटिंगमध्ये काहीतरी आहे मामा. शोधते."

"शोदा. तवर मी गवंड्याला सांगतो, बाबा, वीट जरा घासून लाव."

त्यांच्या दोन अक्षरी आज्ञा नव्यात चालत नव्हत्या. बारा वर्षांची बोटांची सवय. 'दार' म्हणून बोटं उठायची आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उघडायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माऊस इतक्या जोरात आपटला की मी केबिनमधून बाहेर आले. मामा खुर्चीत मागे टेकून बसले होते.

"मॅडम, खरं सांगू? ह्याच्यात मला काय बी येत न्हाय. मी आजच कामाला लागल्यागत वाटतंय."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. साडेचोपन्न वर्षांच्या माणसाला, जो डोळे मिटून जिना काढतो, त्याला एका यंत्रानं पहिल्या दिवसावर नेऊन बसवलं होतं. मी त्यांना म्हटलं, आपण हे परत पाठवू. त्यावर ते एकदम ताठ झाले. "परत कशाला? तीस दिवस हाईत न्हवं? बगूया की."

मग आम्ही ठरवलं की हातकणंगल्याचा बंगला नव्या सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून उभा करायचा. त्यात भिंती रेघांच्या नसतात, खऱ्याखुऱ्या उंचीच्या भिंती असतात. मामांनी पहिलं दार बसवलं तेव्हा भिंतीत आपोआप भोक पडलं. ते थोडा वेळ बघत राहिले. "भिंत आपली आपणच फुटली की!" दिवसभरात त्यांनी ते दार सहा वेळा काढून पुन्हा बसवलं. पण जिना अडकला, गॅलरीचा कठडा हवेत लटकला, छपराची एक बाजू जमिनीत गेली. पाहुण्याला रोज फोन व्हायचा. प्रत्येक गोष्टीवर त्याचं उत्तर एकच: "मॅडम, ते असंच असतं, तो प्रॉब्लेम नाही." सतराव्या दिवशी मी त्याला सांगितलं, की मग प्रॉब्लेम कशाला म्हणतात ते एकदा लिहून पाठवा.

बाविसाव्या दिवशी बंगल्याचे मालक आणि मालकीणबाई आले. आले होते ते फरशीचे नमुने बघायला. त्यांचा गुळाचा आणि धान्याचा व्यापार, माणसं सज्जन आणि घाईची. बाईंचं माहेर सीमेपलीकडचं. फोनवर आईशी कन्नडमधून बोलायच्या आणि आमच्याशी ठसक्यात मराठीतून. इकडच्या बायकांसारखंच त्याही 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या. चार-पाच बैठकांमध्ये त्यांनी माझा नकाशा पाहिला होता. मी बोट फिरवत समजावलं होतं, इथून आत या, हा हॉल, हे देवघर, मागं आग्नेयेला स्वयंपाकघर. त्या प्रत्येक वेळी मान हलवायच्या. "छान हाय की," म्हणायच्या. मला त्या आदर्श ग्राहक वाटत होत्या.

मामांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खुर्ची सरकवली. "वैनी, या हिकडं. तुमचं घर दावतो."

पडद्यावर दार उघडलं आणि मामा त्यांना घेऊन आत चालायला लागले. हॉल, देवघर, जेवणाची जागा. मग स्वयंपाकघर. ओट्यासमोर येऊन चित्र थांबलं. समोर भिंत, वर एक छोटी खिडकी.

बाई पुढं वाकल्या. "ह्ये काय?"

"तुमचा ओटा," मी म्हटलं.

"आणि दार कुटाय?"

"तुमच्या मागं."

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हंजे मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून हुबा ऱ्हाणार व्हय? आमच्यात सकाळधरनं माणसं येत्यात. कोण आलं, कोण गेलं, कुणाला च्या ठेवायचा, ते मला दिसाय नको?"

"पण वहिनी, हे सगळं नकाशात होतं. आपण चार वेळा पाहिला नकाशा."

"नकाशा बघितला की. पण मला कुटं कळत हुता तो?"

"मग तुम्ही मान का हलवत होता?"

हे मी जरा जोरातच म्हटलं. मालक फरशीच्या तुकड्याकडे बघत बसले. बाई मात्र अजिबात ओशाळल्या नाहीत.

"तुमी एवढं शिकलेलं. मला वाटलं, असंल बरोबर."

त्या गेल्यानंतर माझी चिडचिड कुणावर काढावी ते मला समजेना. मंजूर झालेला नकाशा आता बदलायचा. कॉलम हलणार, इंजिनिअरला सांगायचं, नगररचनेकडे पुन्हा फेऱ्या. आणि हे सगळं एका चाचणीच्या सॉफ्टवेअरमुळे, ज्याला धड 'शयनगृह' लिहिता येत नाही. मामा स्वयंपाकघर उचलून वायव्येला नेत होते. तिथं ओटा हॉलच्या बाजूनं घेतला तर बाईंचं तोंड पूर्वेकडेच राहत होतं आणि समोरचं दारही दिसत होतं. संध्याकाळी त्यांनी चित्र बाईंच्या फोनवर पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: आमच्या मठातल्या स्वामींना विचारलं, वायव्य चालतंय, तोंड पूर्वेला पायजे बस.

म्हणजे पहिल्या दिवसापासून हे जमण्यासारखं होतं. फक्त मी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी मी कागलला गेले. तिथं चौदा वर्षांपूर्वी मी एका शिक्षिकेचं घर बांधलं होतं. माझ्या आवडत्या कामांपैकी एक. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. बाई आता निवृत्त झाल्यात. त्यांनी मोठ्या आनंदानं पोहे केले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. खिडकीखाली एक लाकडी स्टूल होतं.

"हे स्टूल कशाला?" मी विचारलं.

"खिडकी जरा उंच आहे ना. कडी लावायला चढावं लागतं."

ती उंची मी ठरवली होती. बाहेरून ओळीत सुंदर दिसावी म्हणून.

"तेव्हा बोलला का नाहीत? नकाशा दाखवला होता मी."

त्या हसल्या. "अहो, नकाशा कुणाला कळतो? तुम्ही इतक्या मन लावून सांगत होता, मधेच कसं अडवायचं? आता सवय झाली. घ्या, गार होतील."

पोहे चांगले झाले होते. चौदा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ एक बाई स्टुलावर चढते, आणि मी फोटो टांगून बसले होते. परतताना हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले होते आणि आजवर काढलेल्या घरांतली स्वयंपाकघरं एकेक करून आठवत होते. माना हलवणाऱ्या बायका आठवत होत्या. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, की मी छान समजावून सांगते.

सोमवारी मी मामांना विचारलं, "काय करायचं? घ्यायचं का?"

त्यांनी कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघितलं. पाच दिवस उरले होते.

"घ्या. पर एकच. आन माझं जुनं मशीन काढायचं न्हाय."

"तिसऱ्या दिवशी तर तुम्ही म्हणाला होता, मला यात काहीच येत नाही."

"आता बी निम्मं येत न्हाय. पर त्या वैनींला घर कळालं की. माझ्या बावीस वर्सांच्या रेघांनी कळालं नव्हतं."

मग आम्ही एक घेतलं. पाहुण्यानं अभिनंदनाचा मेल पाठवला, त्यात माझं आडनाव चुकलं होतं. मंजुरीचे नकाशे अजून जुन्या मशीनवरच होतात, कारण भुतावळ काही जात नाही. एक चौसष्टांश मला अखेर एका आतल्या यादीत सापडला; पंधरा दिवसांनी सॉफ्टवेअरनं स्वतःला सुधारून घेतलं आणि तो परत आला. मामा त्याला रोज सकाळी शिवी देतात आणि मग कामाला लागतात. आपल्या भाचीला ते सॉफ्टवेअर दाखवायला त्यांनी एकदा ऑफिसात आणलं होतं, हे मात्र ते कुणाला सांगत नाहीत.

हातकणंगल्याचं घर सध्या खिडकीच्या उंचीपर्यंत आलंय. नगररचनेच्या चार फेऱ्या झाल्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तोंड वाकडं करून कॉलम हलवला. मालकीणबाईंना आता चित्र वाचता येतं, आणि हे मी काही आनंदानं सांगत नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन अकरा वेळा आला. जिन्याची चौथी पायरी, गच्चीचं दार, देवघरातून दिसणारी बाथरूमची कडी. प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर असतं. मी फोन उचलते, मामांना हाक मारते, आणि आम्ही पुन्हा त्या घरात शिरतो.