सासऱ्यांचा उंदीर, माझं वटवाघूळ

सासूबाई गेल्यावर वर्षभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठं सासरे सिल्लोडजवळचं गाव सोडून आमच्याकडे शहरात, मुकुंदवाडीत राहायला आले. गच्चीवरची खोली त्यांना दिली. आठवडा झाला नाही तोच वरून हाक आली, "सूनबाई, खोलीत उंदीर हाय. शेपूट बघितलं म्या."

वर गेले. भिंतीच्या फटीतून खरंच बोटभर, बारीक शेपूट लोंबत होतं. पण मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि गप्प बसणं मला जमत नाही.

"मामा, हे वटवाघूळ आहे. उंदरासारख्या शेपटीचं. आपल्याकडे लेण्यांत, शहराच्या जुन्या दगडी दरवाजांत असतात अशी."

"मका राखण्यात जिंदगी गेली माझी. तू मला उंदीर शिकवती व्हय?"

झालं! माझी सटकलीच. फटीखालच्या लेंड्या कागदावर घेतल्या आणि त्यांच्यासमोर चुरडल्या. "उंदराची लेंडी कडक असते. हिचा बघा कसा भुगा झाला. आत किड्यांचे पंख चमकतायत. उंदीर धान्य नासतो, कपडे कुरतडतो. हे बिचारं बाहेर जाऊन डास-किडे खातं. पिल्लूसुद्धा वर्षाला एकच, उंदरासारखी पलटण नाही."

संध्याकाळी ते फटीतून निघालं आणि सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत उडून गेलं. मी तर टाळीच वाजवली.

"तुझंच खरं," सासरे म्हणाले आणि पिशवी भरायला लागले. "उंदीर असता तर राह्यलो असतो. वटवाघूळ शिरलं की घर सुनं पडतं. गावाकडं शिरलं अन् तुझी सासू गेली. आता माझ्या मागं इथं आलं. तुमचं घर भरलेलं राहू दे. उद्या जातो मी."

माझं मेलीचं तोंड! जिंकायची काय गरज होती? किती समजावलं, नवऱ्याला बोलायला लावलं, पण नाय म्हणजे नाय. हा माणूस पुन्हा त्या रिकाम्या घरात जाऊन एकटाच भाकरी थापणार, या विचारानं मला रडूच आलं.

सकाळी ते अंघोळीला गेले, तशी मी कात्री घेऊन वर गेले आणि त्यांच्या पिशवीचा कोपरा कापला. ते येताच बोंब ठोकली, "अगंबाई! मामा, पिशवी कुरतडली की हो उंदरानं! तुमचंच खरं. काल उडालं ते चुकून शिरलं असेल."

त्यांनी पिशवी उजेडात धरली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. एक दोरासुद्धा सुटलेला नव्हता. मग माझ्याकडं बघितलं. मी फटीकडं बघत उभी राहिले, डोळे भरून आलेले.

त्यांनी पिशवी पलंगावर उलटी केली. धोतरं, सदरे, सासूबाईंचा फोटो, सगळं बाहेर आलं.

"पिंजरा आण," ते म्हणाले. "अन् त्या उंदराला सांग, पुढच्या बारीला शिवणीवर कुरतड म्हणावं. शिवायला सोपं जातं."