तिच्या नावाची आंघोळ

हातखंब्याहून आईला घेऊन पावसला निघालो होतो. मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून आडवाटेने गाडी घातली. नोव्हेंबर लागला तरी ऊन मरणाचं, आणि आईच्या बाटलीतलं पाणी संपलेलं. वाटेत जांभ्याची बसकी कौलारू इमारत दिसली. मला आंब्याची वखार वाटली. मग फणसाला टांगलेली घंटा दिसली आणि दारावरचा क्रूस.

पाणी मागायला बाटली घेऊन आत गेलो. बाक नव्हते. सारवलेली जमीन, चटया, आणि भिंतीलगत केळीच्या पानांची रांग. कुठे भात आणि बांगड्याचं कालवण, एका पानावर नुसता चहा आणि खारी. एक म्हातारी झाडत होती. म्हणाली, "चपला बाहेर. आज आमचा मेलेल्यांचा दिवस. ज्याला जे आवडायचं ते वाढतो. तुमचं कोण असेल तर सांगा, पान शिल्लक आहे. आमच्यातलंच हवं असं काय नाही."

"बहीण," मी म्हणालो.

बहिणीने ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं तेव्हा वडलांनी तिच्या नावाने आंघोळ करायला लावली, मेलेल्या माणसासाठी करतात तशी. विहिरीचं पाणी मी शेंदलं. आई हलेना, तेव्हा तिच्या डोक्यावर घागर मीच ओतली. वडील पुढे वारले. आठ वर्षांपूर्वी मेव्हण्यांचा फोन आला, "तुमची बहीण गेली. मातीला येता का?" मी म्हणालो, "आमच्याकडे तिची आंघोळ केव्हाच झालीय." आणि फोन ठेवला. हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"काय आवडायचं तिला?" म्हातारीने विचारलं.

मला आठवेना. खरंच आठवेना.

"आईला विचारून या. गाडीत बसल्यात त्या आईच ना?"

"तिला माहीत नाही. बहीण गेल्याचं."

तिने केरसुणी खाली ठेवली. कळशीतून आईची बाटली भरून दिली. "आधी त्यांना सांगा. मग वाढू."

गाडीशी गेलो तर आई म्हणाली, "कोणाचं रे देऊळ? एवढा वेळ?"

मी दारापाशी उभं राहून सगळं सांगितलं. फोनवर काय बोललो तेही.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आणि मी मेली सोमवार धरत्येय तिच्यासाठी. तू साबुदाणा आणून देत होतास."

मी बाटली पुढे केली. ती घेऊन आई खाली उतरली, दोन पावलं लांब गेली आणि ते पाणी तिने आपल्या डोक्यावर ओतलं. लुगड्यासकट. मी हात धरायला गेलो तर म्हणाली, "तू नको." केस निथळत असताना तिने विचारलं, "कुळथाची पिठी असेल का त्यांच्याकडे?"

मी विचारून आलो. नव्हती.

"मग दुसरं काय नको," आई म्हणाली. आत जाऊन ती त्या कोऱ्या पानासमोर बसली. मी दाराबाहेर, चपलांपाशी.