तबकडीवर नसलेला दिलरुबा

चित्रपटाच्या संगीताची तबकडी अपुरी असते, ही तक्रार मी प्रथम प्रयोगशाळेत ऐकली. पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात तपासणी विभागात आम्ही चार मुली होतो, आणि दुपारी डबे उघडले की विषय बहुधा हाच निघे. पडद्यावर गाण्याला तीन कडवी, तबकडीवर दोनच. गाण्याआधीची बासरी तर गायबच. मैत्रिणींना गाणी पूर्ण हवी होती. मला मात्र दोन गाण्यांच्या मधले संगीत हवे होते, जे कोणत्याच तबकडीवर येत नसे. मी तबकड्यांच्या एका कंपनीला तसे सविस्तर पत्रही लिहिले होते. गाण्यांखेरीज अन्य संगीताला मागणी नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. मी ते जपून ठेवले आहे आणि अजूनही दर वर्षी नवे पत्र पाठवते.

या हट्टाचे मूळ घरात होते. माझे वडील पूर्वी कोल्हापुरात एका स्टुडिओत दिलरुबा वाजवत. एका चित्रपटात नायिका एकटीच नदीकाठाने चालत जाते, त्या प्रसंगासाठी त्यांनी तीन मिनिटांचा तुकडा वाजवला होता. इतर वेळी दहा-बारा वादकांत एक. त्या दिवशी ध्वनिक्षेपकासमोर ते एकटे होते. पुढे चित्रपट लागण्यापूर्वीच स्टुडिओ बंद पडला, आम्ही आजोळी गेलो, आणि वडिलांना तो चित्रपट दिसला तो थेट जत्रेतल्या तंबूत. त्यात नदीचा प्रसंगच नव्हता. वर्षभराने दुसऱ्या गावी त्यांनी पुन्हा पाहिला. तेथेही नव्हता. दिग्दर्शकाला आपले वाजवणे पसंत पडले नसावे, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला आणि दिलरुब्याला खोळ घातली. पिंपरीच्या कारखान्यात भांडारातली नोकरी मिळाली तेव्हा तो आमच्यासोबत आला, पण क्वार्टरमध्ये कपाटावर चढला तो पुन्हा उतरला नाही. आई त्यांना 'तीन मिनिटांचे वादक' म्हणे. वडील हसत, पण त्या हसण्याला फार वेळ लागे.

तोच चित्रपट घेऊन चाकणहून एक तंबू पिंपरीत आला आणि रेल्वे फाटकापलीकडच्या मोकळ्या मैदानात उभा राहिला. पहिल्याच दिवशी मी एका मैत्रिणीला घेऊन गेले. पहिल्या पगारातून घेतलेले मनगटी घड्याळ हातात होतेच. नायिका घागर घेऊन भर उन्हात घराबाहेर पडली, पडद्यावर टक् असा आवाज झाला, आणि ती घरात दिवा लावताना दिसली. घागर नाही, संध्याकाळ नाही, काही नाही.

मला हे खटकले. चित्रपट मुळातच असा जोडलेला असता तर आवाज टक् करून तुटला नसता. ध्वनीचा पट्टा चित्रांच्या शेजारीच, त्याच फितीवर छापलेला असतो. फीत मागाहून कापून जोडली की ऐकू येतो तो नेमका असा टक् आवाज. म्हणजे नदी दिग्दर्शकाने वगळली नव्हती, नंतर कोणीतरी वगळली होती. वडिलांनी दोनदा पाहून काढलेला निष्कर्ष दोन्ही वेळा चुकीच्या पुराव्यावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मी तंबूकडे गेले. यंत्राच्या खोलीबाहेर खोक्यावर बसून ऑपरेटर रीळ उलटे गुंडाळत होता. पन्नाशीचा, चाकणकडचाच, कानावर विडी अडकवलेली. जवळच्या बाटलीतून फीत जोडण्याच्या द्रावाचा वास येत होता. अ‍ॅसिटोन मी ओळखला. दिवसभर तोच हुंगत असे.

चौथ्या रिळातून तुम्ही काहीतरी काढले आहे, असे मी म्हणाले. घरून जुळवून आणलेले चार मुद्देही, टक् आणि पट्ट्यासकट, ऐकवले. ते सगळे वाया गेले.

"व्हय, काढलंय की," तो म्हणाला.

मग का काढले, तेही त्याने समजावून सांगितले. बाई नदीवर जाते, बसते, उठते, माघारी येते. त्यात बोलणे नाही, गाणे नाही. चाकणला बाजाराच्या दिवशी लोकांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला होता. त्याच्याआधीचे तंबूवालेही तो भाग काढतच असत. फितीवर जुन्या जोडाच्या खुणा होत्या. तुकडा डब्यात जपलेला होता, कारण पुण्याला फीत परत करताना तो जोडूनच द्यावा लागे. मी म्हटले, मग उद्या शेवटच्या दिवशी पहिल्या खेळाआधीच जोडा.

"आन् शिट्ट्या कोन खानार? तुमी?"

खाईन म्हटले. असे आहे तरी काय त्यात, त्याने विचारले. दिलरुबा आहे, मी सांगितले.

"त्यो कुनाचा?"

"माझे वडील वाजवतात."

त्याने हातातले रीळ खाली ठेवले. "मंग ह्ये आदी सांगायचं न्हाई का, ताई? म्या आपला टक् अन् पट्टा ऐकत बसलोय."

घरी मी कोणालाच काही सांगितले नाही. डब्यातल्या तुकड्यात दुसऱ्याच कोणाचे वाजवणे निघाले असते, किंवा नुसताच नदीचा आवाज, तर वडिलांचे तेच दुःख मी त्यांना तिसऱ्यांदा आणि स्वतःच्या हाताने दिले असते. आईला सिनेमा पाहायचा आहे, एवढेच मी म्हणाले. वडील म्हणाले, मी दोनदा पाहिलाय, तुम्ही जा. परतताना अंधार होईल असे आईने म्हटल्यावर मात्र ते टोपी घालून निघाले.

तंबूत मधोमध दोर बांधलेला असे. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. त्यामुळे ज्याच्यासाठी हे सगळे केले त्याचा चेहराच मला दिसणार नव्हता. तीन रांगा पुढे फक्त टोपी दिसत होती.

नायिका घागर घेऊन बाहेर पडली. टक् झाले, आणि पडद्यावर नदी आली.

दिलरुबा सुरू झाला तेव्हा मी तो ओळखला नाही. हे मान्य करणे भाग आहे. वडील सराव करत त्या दिवसांत मी शाळेत गुंतलेली. मी घड्याळाकडे पाहिले आणि मग आईकडे. तिने माझे मनगट, घड्याळासकट, धरले होते.

मागून पहिली शिट्टी आली. मग दुसरी. कोणी बाईला लवकर घरी जायला सांगितले, लोक हसले. आई उठून उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याविषयी अवाक्षर न काढणारी ती बाई दोरापलीकडे वळून मोठ्याने म्हणाली,

"जरा गप्प बसा. आमच्या ह्यांचं वाजवणं चाललंय."

सगळा तंबू तिच्याकडे पाहू लागला. ती टोपी तेवढी वळली नाही. पण टोपीखालचा उजवा खांदा हलत होता, गज ओढताना हलावा तसा, अगदी थोडा. नंतर शिट्टी आली नाही. नायिका उठली, घरी आली, तिने दिवा लावला.

एक मिनिट चाळीस सेकंद.

खेळ सुटल्यावर वडील फाटकापाशी आमची वाट पाहत उभे होते. वसाहतीकडे चालू लागलो. मला आकडा लपवता येत नाही. मी तो सांगून टाकला. वडिलांनी मान हलवली. त्यांना माझ्या घड्याळाची गरज नव्हतीच.

"पहिला भाग ठेवलाय," ते म्हणाले. "दुसरा खरंच कापलाय दिग्दर्शकानं." आवाजात तक्रार नव्हती. मोजून पाहिलेल्या वस्तूबद्दल बोलावे तसे ते बोलले.

मी कंपनीच्या पत्राचा विचार करत होते. कंपनीने उद्या हे संगीत तबकडीवर काढले, तरी त्यातही एवढेच येणार होते.

"त्याच्यापुढे तुम्ही खालच्या सुरांत उतरत होता ना?" आईने विचारले. "मला तेवढंच आठवतंय. मी भाकऱ्या करत असायचे तेव्हा."

"उतरत नव्हतो. आधी एकदा वर जाऊन मग उतरत होतो."

"तेच ते."

"तेच नाही," म्हणून वडिलांनी तो भाग गुणगुणून दाखवला, आणि दाखवता दाखवता थांबायचे राहून गेले. दोनदा आईने त्यांना अडवले, येथे काहीतरी होते म्हणून, आणि दोन्ही वेळा तेथे खरोखर काहीतरी होते.

घड्याळाचा सेकंदाचा काटा अंधारात दिसत नव्हता. त्यामुळे दुसऱ्या भागाची नोंद माझ्याकडे नाही. फाटकापासून आमच्या दारापर्यंत तो पुरला, एवढेच मला सांगता येते.