लक्ष्मीबाई नगरातला घरगुती टोल

काकूचा फोन आला तेव्हा मी ऐन ऑफिसच्या वेळेला नोएडाहून टॅक्सीने त्यांच्या घरी येत होते आणि आश्रम चौकाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकले होते. ती एवढंच म्हणाली, "आता घाई करू नकोस." अरुणकाका गेला होता. घाईघाईत टॅक्सी केली होती. मेट्रोने निघाले असते तर कदाचित भेट झाली असती...

काका वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या सरकारी कार्यालयात होता. गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी गाडी आणणाऱ्याने शुल्क भरावं आणि ते पैसे बससाठी वापरावेत, हा त्याचा ध्यास. तो त्याने आधी घरात लागू केला. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या दारात स्टीलचा डबा असे. ऑफिसच्या वेळेला जो गाडीतून येईल-जाईल, त्याने त्यात नोट टाकायची. त्यातून स्वयंपाकाच्या कमलाताईंचं मेट्रो कार्ड भरलं जाई. काकू पाहुण्यांना बजावायची, चहा फुकट आहे, गाडी नाही.

कॉलेजात असताना मी या शुल्काविरुद्ध पत्रक काढलं. ज्याच्याकडे पैसा त्यालाच मोकळा रस्ता, हा कुठला न्याय? काकाने ते जेवताना दोनदा वाचलं. म्हणाला, "अगं यार, आज बसभर माणसं एकेकट्याच्या गाडीमागे खोळंबतात. त्याची किंमत कोण भरतं?"

"आणि साहेबांच्या गाड्या?" मी विचारलं. शुल्काच्या प्रस्तावाच्या पुढच्या मसुद्यात त्याने एक वाक्य घातलं: सरकारी गाड्यांना सूट नाही.

सगळं त्याच वाक्यावर अडलं. एवढं काढ, बाकीचं मंजूर करून घेऊ, असं वरिष्ठांनी परोपरीने सांगितलं. त्याने काढलं नाही. मला अभिमान वाटला, आजही वाटतो. ज्यांनी नियम करायचा त्यांनीच त्यातून सुटायचं, ही लबाडी त्याने चालू दिली नाही. पण शुल्क आलंच नाही. बस अजून तिथेच उभी आहे, आणि ती तशी उभी असलेली बघतच तो गेला... ही हळहळ कुठल्याच पत्रकात मावत नाही.

आता क्वार्टर सोडायचंय. गेल्या रविवारी मी सामान बांधायला गेले. खोकी भरली होती, डबा मात्र दारातच होता. मी त्यात एक नोट टाकली.

"त्या दिवसाची?" काकूने विचारलं. मी मान डोलावली.

"ह्यांनी तुला सूट दिली असती गं," ती म्हणाली. मग डब्याकडे बघत राहिली.

"नाही... नसती दिली," तीच म्हणाली.

आणि तिने झाकण लावलं.