उजेडाचे सात खांब

"उजेड तं अंगणातही पडते. त्याले घडवाचं काय?" बाबांनी विचारलं. सगळा जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला माणूस, त्यांचं काय चुकलं? पण मांडणशिल्प, म्हणजे अख्खी जागाच कलाकृती करायची कला, शिकायच्या शेवटच्या वर्षाला मला पाठवायचं की नाही, हे ते माझं काम एकदा बघून ठरवणार होते. आणि माझं काम म्हणजे नुसता उजेड!

आमच्या गावी, जानेफळला, शेजारच्या चाचीचं धान्याचं गोदाम रिकामं होतं. तिनं मला चक्क पत्र्याला भोकं पाडू दिली. बाकीच्या फटी मी ताडपत्रीनं बुजवल्या. भर उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला ऊन भोकांतून सरळ खाली उतरायचं आणि हवेतल्या भुशाच्या धुळीत दिसायचं: छपरापासून जमिनीपर्यंत उजेडाचे सात खांब. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी एकटीच नाचले होते.

बाबा बघणार त्या दिवशी मी त्यांना आणायला मळ्यात गेले. परत येते तर गोदामाच्या दारात रांगोळी, आत जमीन ओलीचिंब, आणि बादली घेऊन चाची खुशीत उभी.

"तुहे बाबा पयल्यांदा येऊन राह्यले ना! झाडून सडा टाकला."

धूळ बसली होती. खांब गायब. जमिनीवर उन्हाच्या सात टिकल्या.

"हेच काय?" बाबा म्हणाले.

माझा तोल गेला. "चाची, धूळच तर पाहिजे होती मले!" मी ओरडले आणि रडायलाच लागले. उजेड दिसायला हवेत काहीतरी तरंगावं लागतं, हे हुंदके देत सांगितलं.

"मंग रडून काऊन राह्यली वं? थांब."

चाची घरी पळाली. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, धूप करायला घरभर फिरवायची ते लोबानदान घेऊन आली. निखाऱ्यांवर मूठभर लोबान टाकला आणि गोदामभर फिरली. धूर चढला. एक खांब उभा राहिला, मग दुसरा, मग सगळे! माझ्या धुळीतल्यापेक्षा कितीतरी भरीव, आणि आत धूर गरगरतोय. आनंदानं मी चाचीला मिठीच मारली.

बाबांनी मान वर करून खांब पाहिले. मग पलीकडची भिंत बघायला निघाले. वाटेत एक खांब आला. ते थबकले, अंग चोरलं, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून वळसा घालून गेले.