पोहण्याच्या तलावातलं खळं

पाथर्डीकडच्या माळावर एका बिल्डरने जंगल-रिसॉर्ट काढलं. जंगल दाखवायचं म्हणून आधी झाडं तोडली, मग काम बंद पडलं. आता रिसेप्शनच्या छतातून बाभूळ वर आली आहे, म्हणजे जाहिरातीतलं 'निसर्गाच्या कुशीत' एकदाचं खरं झालं.

गावाला प्यायचं पाणी टँकरने येतं, त्यामुळे इथे पोहण्याचा तलाव हवाच होता.

मी हे वैभव बघायला गेलो, तेव्हा तलावाच्या जीवरक्षकाच्या उंच लोखंडी खुर्चीवर एक बाई पदर खोचून उभी होती आणि टोपलीने बाजरी उपणत होती. दाणे तलावाच्या कोरड्या निळ्या फरशीवर पडत होते, भुसा रिसेप्शनकडे उडत होता. मी आत उतरायला लागलो, तशी ती वरून ओरडली, "चपला काढा आदी! खळं हाय."

मी निमूट काढल्या. काठावर नियमांचा फलक होता: 'तलावात पादत्राणे आणू नयेत.' चला, एक तरी नियम पाळला जात होता.

तिने टोपली थांबवली. "मालकाकडून आलाय का?"

"नाही."

"मंग बरं. पर भेटला तर सांगा, एवढी रास उचलू द्या, मंग पानी सोडा."

पाथर्डीत पाणी येईल म्हणून घाबरलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.