भुसभुशीत दगडाचं वजन

खाणीच्या ऑफिसात तिला सगळे तराजूताई म्हणत. भूगर्भशास्त्र शिकलेली ही बाई भाजी घेतानाही काट्यावरची नजर हलवत नसे. खाणीचे मॅनेजर तिचे सख्खे मामा, पण म्हणून कुणाला सूट नव्हती.

जुनी खाण तळाला लागली होती. शेजारच्या डोंगरात लोहखनिज किती आहे, याच्या अहवालावर तराजूताईची सही झाली, तरच भागीदार कंपनी नवी खाण उघडणार होती. नाहीतर सगळ्यालाच टाळं.

ती सही करायला बसली आणि अडली. डोंगराचं आकारमान चोख मोजलेलं होतं. पण त्याचे टन सांगायचे, तर एक घनमीटर दगड किती भरतो ते कळायला हवं. त्यासाठी दगडाचे तुकडे आधी कोरडे आणि मग पाण्यात टांगून तोलत. तोललेले तुकडे प्रयोगशाळेच्या फळीवर मांडले होते. सगळे कसे टणक, काळेभोर! डोंगरातून काढलेल्या नमुन्यांच्या खोक्यांत मात्र निम्मा माल भुसभुशीत होता.

"हा कुठं तोललात?"

"ताई, तो पाण्यात घातला की चहातल्या बिस्किटासारखा होतो," केमिस्ट म्हणाला. "जे टिकतं ते तोलतो. पहिल्यापासून असंच चाललंय."

"म्हणजे पहिलवान तेवढे तोलायचे आणि अख्ख्या गावाचं वजन सांगायचं!"

मामा तरातरा आले. "अगं, आकडा मी वर सांगून बसलोय. तो खाली आला तर माझी शोभा होईल. भागीदार पळाले तर सगळे घरी बसू, तूसुद्धा!"

"मामा, दगडच हलका असेल तर मी त्याला दटावून जड करू का?"

"आईसारखीच हट्टी!"

"बहीण कुणाची ती?"

केमिस्टला एकाएकी खोकला आला.

तिने भुसभुशीत तुकडे भट्टीत वाळवले आणि वितळलेल्या मेणात बुडवून काढले. मेणाचा पातळ थर बसला आणि दगड पाण्यात न फुटता टांगून राहिला. मेणाचा हिशेब वजा करून तिने बेरीज मांडली. डोंगरातलं खनिज जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी भरलं. नोकरी तिचीही जाणार होती. तरी तिने तोच आकडा लिहिला, तो कसा काढला तेही लिहिलं आणि ठसठशीत सही केली. मामांनी अहवाल पाठवला आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

भागीदारांचा परीक्षक आला, तो थेट खोक्यांकडे गेला. भुसभुशीत तुकडा उचलून त्याने विचारलं, "हे तोललेत? कसे?"

तिने मेणाचं भांडं पुढे केलं. त्याने बाह्या सरसावल्या आणि संध्याकाळपर्यंत स्वतः तोलत बसला. दारात मामांच्या येरझाऱ्या चालूच.

"याआधी दुसऱ्या खाणींचे दोन अहवाल मी याच मुद्द्यावर परत पाठवले," शेवटी तो म्हणाला. "तिथं भुसभुशीत मालाला कुणी हातच लावला नव्हता. बाई, तुमचा आकडा आणि माझा आकडा एक आला. माल थोडा कमी आहे, पण आहे म्हणता तेवढा आहे. आम्ही पैसे घालतो."

मामांची छाती फुगली. "आमच्याकडे हे असंच मोजतात!"

"कधीपासून, मामा?"

"गप गं!" म्हणाले, पण डोळे पुसत.

नव्या डोंगराकडे यंत्रं निघाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत उभे होते. पहिल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी तराजूताई ताठ बसली होती. मॅनेजरसाहेब मागच्या बाकावरून ओरडत होते, "भाची आहे माझी, भाची!"